फादरच्या गावची वाईन

आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा आई आधी हुंगून बघायची. झाकण काढायची, नाकाशी धरायची आणि वास जरा उग्र वाटला की बाटली सरळ मोरीत. आम्ही भावंडं बसायचो खोकत. कारण एकच, आमचा बाप. साखर कारखान्यात कामाला होता आणि हातभट्टीनं गेला. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला. श्रीरामपुरात आमच्या वस्तीत कुणी आमचं घर विचारलं तर लोक बोट दाखवायचे, "ते काय, बेवड्याचं घर."

आणि त्याच घरात, येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर, मेणबत्त्यांच्या शेजारी, जर्मन वाईनच्या बाटल्या उभ्या असायच्या. उंच, सडपातळ, हिरव्या काचेच्या. आई रोज सकाळी त्या पदरानं पुसायची. मी एकदा म्हटलं, "आई, दारूये ती." तर माझ्या अंगावर धावूनच आली.

"दारू तुज्या बापाची. ही वाईन हाय. येशूनं पेली का न्हाई? मग? आन् फादरच्या हातनं आलीय."

फादर म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो फादर झाल्या दिवसापासून आईनं त्याला नावानं हाक मारणं सोडलं. पोटचं पोर, पण "फादर, जेवायला बसा", "फादर, तुमाला पानी काडलंय". तो ओशाळायचा. मला हसू यायचं आणि रागही यायचा. घरात त्याला अरेतुरे करणारी एकटी मीच उरले. पण आईचं मला कळत होतं. आयुष्यभर ती बेवड्याची बायको होती. आता लोक रस्त्यात थांबून तिला "फादरची आई" म्हणायचे, आजारी पोराच्या डोक्यावर हात ठेवायला बोलवायचे. चर्चमध्ये पुढच्या बाकावर तिची जागा कुणी घेत नव्हतं.

भावाला त्याच्या वरिष्ठांनी जर्मनीला पाठवलं. तिकडं म्हणे चर्च भरपूर आणि फादर होणारी पोरं नाहीत, म्हणून आपल्याकडचे फादर जातात. त्याला मिळालं मोझेल नदीचं खोरं. फोनवर तो सुरुवातीला इतकं सांगायचा, इतकं सांगायचा, की मला ते गाव पाठ झालं. नदी सारखी वळते, एका वळणावर एक गाव, पुढच्या वळणावर दुसरं, आणि सगळ्या गावांना मिळून हा एकटाच फादर. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि त्या उभ्या चढावर द्राक्षं. आपल्या राहात्याकडं द्राक्षबाग म्हणजे सपाट रानातला मांडव. तिथं मांडव नाहीच, एकेक वेल एकेका खांबाला बांधलेला. पाय घसरला की माणूस खालीच जायचा. आणि जमीन म्हणजे माती नाही, काळ्या पाटीचा दगड, त्याच्या कपच्याच कपच्या. त्यानं फोटो पाठवला तेव्हा मी म्हटलं, अरे, शाळेतल्या फुटक्या पाट्या कुणी डोंगरभर ओतल्यात का? तो खूप हसला. म्हणाला, "ताई, तो दगड दिवसभर ऊन धरून ठेवतो आणि रात्री वेलाला ऊब देतो. म्हणून तिथं इतक्या थंडीतही रीसलिंग पिकते."

रीसलिंग हे त्या द्राक्षाचं नाव आणि वाईनचंही. पांढरी वाईन, म्हणजे फिकट पिवळसर. पहिल्यांदा तो रजेवर आला तेव्हा त्यानं आम्हाला चमचा-चमचा चाखवली. मला कैरीच्या पन्ह्यासारखी लागली, आंबटगोड. आईनं दुसऱ्या एका बाटलीचा वास घेतला आणि म्हणाली, "फादर, हिला रॉकेलचा वास येतोय वो." तो म्हणाला, "आई, जुनी झाली की येतो तसा वास, तीच भारी असते." झालं, त्या दिवसापासून आई येईल त्याला सांगायला लागली की आमच्या फादरच्या गावच्या भारी वाईनला रॉकेलचा वास असतो. आईला एकच खटकायचं. मिस्सेला, आमच्या चर्चमधल्या उपासनेला, वाईन म्हणजे येशूचं रक्त, मग ते पांढरं कसं? तो समजवायचा, तिकडं मिस्सेला पांढरीच घेतात, वेदीच्या कापडावर डाग पडत नाही. आई मान हलवायची, पण तिला ते पटलेलं नसायचं.

हळूहळू त्याचे फोन बदलले. द्राक्षांचं कमी आणि मयतींचं जास्त. तरुण पोरं शहरात गेलेली, गावात म्हातारी माणसं. "बाप्तिस्मा वर्षात एखादा, ताई. बाकी मी पुरतोच लोकांना." मी विचारलं, "अरे, मग ती माणसं तुला घरी बोलवत नाहीत का?" म्हणाला, "बोलवतात ना. बोलवतात आणि ग्लास भरतात." तिथं घरोघर तळघरात स्वतःची वाईन. मयतीनंतर ग्लास, वाढदिवसाला ग्लास, कुणाला बरं नाही म्हणून भेटायला गेलं तरी ग्लास. नाही म्हटलं की रुसतात. आपल्याकडं चहाला नाही म्हणून बघा, घरधनीण तोंड फिरवते, तसंच ते. आणि सगळ्यांचे ग्लास झाले की हा परत फादरच्या मोठ्या घरी, एकटा. जाताना प्रत्येकानं एकेक बाटली हातात दिलेली. मी ऐकायचे आणि एकेक बाटली मनात मोजायचे. पण फोनवर किती विचारणार?

या खेपेला तो उन्हाळ्याच्या तोंडावर आला. स्टेशनवर मी आणायला गेले होते. मी एसटीत कंडक्टर आहे. पिलेला माणूस मी दारातून चढताना ओळखते, अगदी त्याच्या पायरी चढण्यावरून. हात दांडीवर किती घट्ट आहे, ते बघायचं. माझा भाऊ गाडीतून उतरला तो दांडी धरून, म्हाताऱ्यासारखा. चेहरा सुजलेला, हातपाय काटकुळे. मी त्याची बॅग घेतली. आतल्या बाटल्या वाजल्या.

आई म्हणाली, "थकलाय माझा फादर, लई काम असतंय तितं." आणि रात्रीच्या जेवणानंतर तिनं स्वतःच्या हातानं त्याला वाईन ओतून दिली. काचेच्या ग्लासात, जो पाहुण्यांसाठी काढायचो त्यात. "घ्या, तुमच्या गावची हाय." घरात ज्या बाईनं खोकल्याचं औषध टिकू दिलं नाही, ती पोराला रोज ग्लास भरून देत होती. आणि तो घेत होता. त्यानं आणलेल्या आणि फळीवरच्याही बाटल्या बघता बघता रिकाम्या झाल्या. आईनं एक तेवढी मागं लपवली, म्हणाली, बापाच्या वर्षाच्या मिस्सेला लागंल. त्यानंतर फादर "फिरायला" जायला लागले.

माझी ड्युटी एरवी देवळाली प्रवराच्या बाजूला असते. एक दिवस दुसऱ्या बाईला बरं नव्हतं म्हणून मला राहात्याची गाडी दिली. परतीला राहात्याच्या स्टँडवर गाडी भरली, मी मागून तिकिटं काढत पुढं येत होते. एका खिडकीशी पांढऱ्या शर्टातला माणूस, डोकं काचेला टेकलेलं, वास भपकन आला. देशी. रीसलिंग नाही, वाईन नाही, साधी देशी. त्यानं मान वर न करता म्हटलं, "एक श्रीरामपूर."

आवाज माझ्या भावाचा होता. दुसरा कुणी असता तर मी बाभळेश्वरच्या फाट्यावर उतरवला असता, बखोट धरून. मी तिकीट काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तेव्हा त्यानं माझा हात बघितला, मग मला बघितलं.  श्रीरामपूर येईपर्यंत मी गाडीभर फिरत राहिले, नको तिथं लोकांवर ओरडले, एका आजीला पिशवी मधे ठेवली म्हणून बोलले. गाडी लागली, हिशेब दिला आणि त्याला ओढत स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर नेलं.

"राहात्यापर्यंत गेलास? इथं कोणी बघेल म्हणून? अक्कल विकलीस का रे तिकडं?"

तो रडला. भर टपरीवर, कपात बघत. म्हणाला, "ताई, मला थांबताच येत नाही." मग सगळं बाहेर आलं. जर्मनीतल्या डॉक्टरनं कधीच सांगितलं होतं, लिव्हर गेलंय, आता थेंबही नको. "मग थांब ना!" मी म्हटलं. तर म्हणतो, "थांबायचं म्हटलं तरी थांबू कसा? मी फादर आहे. रोज मिस्सा करतो. रोज प्याला रिकामा करावाच लागतो. सकाळी तो एक घोट पोटात गेला की दिवसभर दुसरं काही सुचत नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. बाकी कुठलाही बेवडा दारूच्या दुकानापासून लांब राहू शकतो. माझ्या भावाला देवच रोज पाजत होता.

मग त्यानंच सांगितलं की याला वाट आहे. अशा फादरसाठी बिशप परवानगी देतात, वाईनऐवजी न आंबलेला द्राक्षाचा रस चालतो. एक पत्र लिहायचं, बस. मी म्हटलं, "मग लिहिलंस?" नव्हतं लिहिलं. का? तर त्या गावांत वेदीवरची वाईन गावातलेच लोक देतात, पाळीपाळीनं, मान असतो त्याचा. फादर आमची रीसलिंग सोडून रस का घेतोय, हे दोन दिवसांत खोरंभर होईल. आणि तिथं झालं की इथं आईला कळेल.

"कळू दे की! मेलास तर कळणार नाही का तिला?"

"ताई, तिला परत बेवड्याच्या घरात बसवू?"

 चहा गार झाला होता, तो तसाच टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एकदम सुटल्यामुळं थरथर होईल, म्हणाले, पण आता एक घोट जरी गेला तरी माझ्याकडं आणू नका. त्यानं शब्द दिला. आणि पाळला, हे मी कुणाच्याही पुढं सांगेन. कपबशी धरताना बशी वाजायची, घाम फुटायचा, अंगावर चादर ओढून कुडकुडायचा भर उन्हाळ्यात. आईला वाटलं हिवताप. तिनं त्याच्या कपाळावर येशूच्या नावानं तेल लावलं. मिस्सेचंही तो टाळत होता. पत्र इथूनच लिहितो, म्हणाला, परवानगी आली की मगच वेदीवर उभा राहीन. मला वाटलं, सुटलो बाबा आपण.

पण बापाचं वर्ष आलं होतं. आईनं मला न विचारता, त्याला न विचारता सगळं ठरवून टाकलं. बापाच्या नावची मिस्सा आपले फादर करणार, मोठ्या चर्चमध्ये, आणि नंतर घरासमोर मांडव घालून जेवण. ज्या वस्तीनं बापाला गटारीतून उचलताना हसून बघितलं, ती सगळी वस्ती जेवायला यायची होती. आईनं घरोघर जाऊन सांगितलं. देवळालीचे नातेवाईक, राहुरीचे, सगळे.

मी भावाला म्हटलं, "बरं नाही म्हणून सांग. नाहीतर मी मनुका उकळून रस करते, कोणाला कळतंय? पांढरं ते पांढरं."

तो म्हणाला, "परवानगीशिवाय रस घेतला तर ती मिस्साच होत नाही, ताई. बाबांच्या नावानं खोटी मिस्सा करू? लोक मला बघून गुडघे टेकतात."

"आणि मेलास तर?"

"एकच घोट आहे."

एकच घोट! माझा बापही हेच म्हणायचा. मग मी ठरवलं, की पुरे झालं, आईला सांगायचं. मिस्सेच्या आदल्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं भाकरी थापत होती. मी शेजारी बसले आणि सरळ सांगून टाकलं. राहात्याची गाडी, देशीचा वास, डॉक्टर, लिव्हर, सगळं. भाकरी तव्यावर करपली. आईनं ती उलथली नाही. मग पीठ माखल्या हातानं तिनं माझ्या तोंडात मारली. माझी पोरं शाळेत जातात आता, आणि आईनं मला तोंडात मारली.

"माज्या फादरला दारुड्या म्हन्तीस? जळती का त्याच्यावर? तुजा बाप हातभट्टी पीत हुता. हा वेदीवरचं रक्त पितोय. त्यानं कुनी मरत न्हाई."

"आई, अगं डॉक्टर..."

"गप ऱ्हा. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्याच्याला लोकं यायच्यात."

मी उठून मोरीत तोंड धुतलं. तरी दिवसभर कांदे चिरायला मी होते, तांदूळ निवडायलाही मी होते. नाही कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. आई नव्या इरकली साडीत पुढच्या बाकावर, मी तिच्या शेजारी. तिनं लपवलेली ती हिरवी बाटली तिथं वेदीजवळ होती. आईचाच हट्ट, फादरच्या गावची वाईन पाहिजे. माझा भाऊ झग्यात देखणा दिसत होता, फक्त पुस्तकाचं पान उलटताना पान थडथड उडायचं. प्रवचन त्यानं छान केलं. क्षमेवर केलं, बापाचं नाव घेऊन. माझ्या मागच्या बाया रडत होत्या. मग त्यानं प्याल्यात वाईन ओतली. एरवी फादर लोक थोडीशी ओततात. तो ओतत राहिला. मी आईचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला आणि जपमाळेत गुंतवला.

त्यानं प्याला वर केला तेव्हा दोन्ही हात इतके लटपटत होते की काठावरून वाईन त्याच्या मनगटावर उतरली. चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं, फादर गहिवरले. मग तो प्यायला. डोळे मिटून, सावकाश, शेवटपर्यंत. आणि आम्ही कम्युनियनला रांगेत गेलो तेव्हा त्यानं माझ्या तळहातावर प्रसाद ठेवला, त्याचा हात दगडासारखा स्थिर होता.

तिथून पुढं सांगण्यासारखं फार नाही. मांडवात लोक जेवले, आईच्या पाया पडले, फादरची वाहवा केली. फादर संध्याकाळी फिरायला गेले. मी शोधून आणला. पुन्हा गेले, पुन्हा आणला. डॉक्टरकडं यायला तयार नाही, पत्राचं नाव नाही. मी शिव्या दिल्या, पाया पडले, पोरांची शपथ घातली. रजा संपली आणि तो विमानात बसला. तिकडं गेल्यावर पत्र लिहितो, म्हणाला.

दिवाळीच्या आसपास फोन आला. तिकडं त्या वेळी रीसलिंगची तोडणी असते, ती शेवटाला पिकते. एका घरी तोडणीच्या जेवणाला गेला होता, तिथंच रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. तिथल्या लोकांनी विचारलं, फादरना आमच्यातच ठेवू का. त्यानंही तसं लिहून ठेवलेलं होतं म्हणे. माझ्या मोबाईलवर आम्ही दोघींनी ते बघितलं. नदी, उभा डोंगर, पिवळी पडलेली पानं, काळ्या कपच्यांची ओली जमीन, आणि काठी टेकत आलेली म्हातारी माणसं, माझ्या भावानं ज्यांना पुरायचं होतं ती. ती त्याला पुरत होती आणि लहान पोरांसारखी रडत होती. मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. फोन बंद केल्यावर मात्र मला इतका राग आला की मी भिंतीवर हात आपटला.

आई बसून होती. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, फादर लोकांच्या सेवेत गेले, लई काम पडायचं. तिसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिच्यापुढं चहा ठेवला. ती कपाकडं बघत म्हणाली,

"त्याचे हात थांबले हुते."

"कुणाचे?"

"पोराचे. मिस्सेला. प्याला पेला आन् हात थांबले. तुज्या बापाचे असेच थांबायचे, सकाळचा पैला घोट गेला की. मी उभा जलम बघितलंय ते." तिनं डोळ्याला पदर लावला नाही. "तू खरं बोलत हुतीस. मला तितंच कळलं, बाकावर."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकले. मग मी ओरडलेच. "तवाच कळलं? आणि तरी बोलली नाहीस? त्याला जाऊ दिलंस? अगं, तू एक शब्द टाकला असतास तर तो थांबला असता, फक्त तुझंच ऐकलं असतं त्यानं! का नाही बोललीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं, जसं काही मी फारच सोपं काहीतरी विचारलं.

"मांडवात लोकं जेवायला बसली हुती गं," ती म्हणाली.